डावे मोजे

आमच्या स्टोअरात एक खोकं आहे,
सगळं डाव्या हाताचं.
उजवे आधी फाटतात,
अंगठ्याच्या बेचक्यात, नेमके तिथंच,
कारण हुक उजव्या हातानं धरायचा असतो
आणि टाकीवर वाकायचं उजव्या खांद्यानं.
नियमात मात्र जोडी लिहिली आहे.
एका हाताची मागणी कुठल्या रकान्यात घालायची
मला अजून कळलेलं नाही.

वाळूजच्या मागच्या गल्लीत आमचं क्रोमचं शेड:
पाच टाक्या, एक पंखा,
आणि भिंतीवर पिवळी पाटी,
सुरक्षा साधनांशिवाय प्रवेश नाही.
पाटीच्याच खिळ्याला एक मास्क टांगलेला.
त्यात कोळ्यानं घर केलं होतं उन्हाळाभर.
मी ते मोडलं नाही.

‘हातमोजे मिळाले’ या रकान्यात
चत्रभुज ढवारे सही करतो.
मे महिन्यात, पत्र्याखाली, त्रेचाळीसच्या पुढं गेलं की
मोजा काढून उलटा धरतो
आणि तांब्यातनं ओतावा तसा घाम ओततो.
म्हणतो, “मामा, रबरात बोटं आंधळी व्हतेत.
बारका वायसर हातात आला का निसटला, कळत न्हाई.
टाकीत पडला की कापला पगारातून.”
वायसर दीड रुपयाला येतो.
मोज्यांची जोडी पंच्याऐंशीला.
दोन्ही बिलं माझ्याच फायलीत आहेत.

तपासणीचा फोन आदल्या दिवशी येतो.
मग कपाट उघडतं:
हिरवे मोजे, कोपरापर्यंत लांब,
चष्मे अजून पिशवीतले,
गमबूट सगळे आठ नंबर.
सखाहरीचा पाय सहाचा; तो त्या दिवशी
वरबापासारखा जपून चालतो.
साहेब विचारतात, रोज घालता ना?
सगळे म्हणतात, हाव साहेब.
मीही म्हणतो.
पाचनंतर मी मोजून परत घेतो,
पुसून, पावडर मारून.
चौदा जोड्या. कधी एक कमी भरली नाही.

मार्चमध्ये फाटकावर नवं हजेरी मशीन बसलं.
चत्रभुजनं अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
त्यानं पँटीला घासला, फुंकला, ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
मागं रांग.
मुक्तार ओरडला, जीभ लाव बे त्याला,
आणि सगळी रांग हसली, चत्रभुजसकट.
मी त्याचा अंगठा उजेडात धरला:
पिवळट, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.
नखाशेजारी दोन खड्डे,
पंचनं पाडल्यासारखे गोल.
दुखतंय का, विचारलं.
न्हाई, म्हणाला, दुखलं असतं तर सांगितलं नसतं का.

तीन दिवस तो टाकीवर होता
आणि मशीनमध्ये गैरहजर.
पगार करणाऱ्या पोरीनं विचारलं, पुरावा काय?
मी मोज्यांची वही नेली.
नऊ वर्षं, दर तीन महिन्यांनी,
चत्रभुज, चत्रभुज, चत्रभुज,
छत्तीस सह्या, एकाच वळणाच्या.
तिनं पानं उलटली. म्हणाली,
एवढे मोजे मिळाले, मग
अंगठा कसा झिजला, मामा?
तिला खरंच कळत नव्हतं.

त्या रात्री मी स्टोअरात थांबलो.
खोक्यातला एक डावा मोजा काढला
आणि उलटा केला.
बोटं एकेक करून फुंकून बाहेर काढावी लागतात,
करंगळी सगळ्यात शेवटी येते.
डाव्याचा उजवा होतो.
फक्त मऊ अस्तर ॲसिडच्या बाजूला जातं
आणि आत, कातडीला, ते खरबरीत.
असं चालतं का, नियमात कुठं सापडलं नाही.

सकाळी त्याला दिला.
त्यानं घातला, मूठ मिटली, उघडली.
“कुणाचा हाय?”
तुझाच, म्हटलं.
वही पुढं केली नाही.